चारशे वीस ग्रेन

दुपारी तीनला झवेरी बाजारातल्या आमच्या पोटमाळ्यावर
माझगावच्या मिसेस ल्याऊ आल्या,
रुमालाच्या गाठीत एक डॉलर बांधून.
जिन्याने दमल्या होत्या. आधी पाणी मागितलं,
मग म्हणाल्या, "कपाटात होता. खरा आहे का बघ."

खरं-खोटं आधी कान सांगतो.
बोटाच्या टोकावर तोलून धरायचं, हलकेच टिचकी.
नाद निघाला, लांबला,
गल्लीतल्या हातगाडीवाल्याच्या आरोळीनंतरही थोडा उरला.
लोहचुंबकाने ओळख दाखवली नाही.
काट्यावर सत्तावीस ग्रॅम, वर आठ पॉइंट.
हल्ली नकली इतके येतात
की वजन नेमकं भरलं तर मी जास्त घाबरते.

अठराशे सत्त्याहत्तर. सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ,
तिचा इवलासा एस गरुडाच्या खाली,
आणि त्याच्या जरा वर, कोरलेलं: ४२० ग्रेन.
आप्पा यावर दरवेळी हसायचे.
"जो स्वतःच सांगतो मी चारशे वीस,
त्याच्याशी व्यवहार करायला भ्यायचं कशाला?"

आप्पा विट्याकडचे, गलाईवाले.
नाणं वाचायचे नाहीत, आटवायचे.
मी परकरात होते तेव्हा गोणपाटातून असे सव्वाशे आले.
मूस, टाकणखार, हिरवट जाळ.
मी विचारलं, ही बाई कोण?
"मुशीत गेल्यावर बाई नसते, पोरी. नऊशेची चांदी असते."
तसं चुकीचं काही बोलले नाहीत.

बाई मला पुष्कळ वर्षांनी दिसली,
मिनोचर अंकलच्या भिंगातून.
मुळजी जेठाच्या फाटकाशी हमाल टेकतात
तशी मालाच्या गाठींवर बसलेली,
पायाशी समुद्र,
पुढे केलेल्या हातात एक डहाळी, अजून कुणी न घेतलेली.
"रूप नको बघू, दीकरी. उंचवटे बघ.
जे वर असतं ते आधी झिजतं.
कान, छाती, गुडघा. मग पलटून पंख."

तर मिसेस ल्याऊंची बाई.
कानावरचे केस सपाट.
गुडघा गुळगुळीत,
रोज कुणी त्यावर हात टेकून उठत असावं तसा.
वस्त्राच्या चुण्या शाबूत.
खोबणीत निळसर काळोख, जुना, आपोआप आलेला.
दिवाळीला कुणी पितांबरीने घासला नाही, हे नशीब.
प्रतवारी चाळीस. मन मोठं केलं तर पंचेचाळीस.

पण गरुडाच्या पंखावर ठसा.
तांदळाच्या दाण्याएवढा, एका घावात ठोकलेला.
कँटनकडचा कुणी सराफ असेल.
नाणं वाजवलं, पटलं, खूण उठवली.
म्हणजे माझंच काम,
फक्त त्याचा शेरा चांदीवर आणि माझा कागदावर.
आणि माझ्या कागदाच्या हिशेबाने
त्याचा शेरा ही इजा.

सांगितलं तसं. भाव पडतो, हेही.
मग न राहवून विचारलं, "काय लिहिलंय?"
त्या भिंगाला डोळा लावून बसल्या.
चहा आला, साय धरली.
"सासऱ्यांना वाचता आलं असतं," त्या म्हणाल्या,
"मी भायखळ्याच्या शाळेतली. मला तुझंच ग म भ न."

मार्चमध्ये टोरांटोला जाणार, मुलाकडे.
बॅगेचं वजन ठरलेलं.
सत्तावीस ग्रॅमचं काय ओझं, मी म्हटलं.
त्यांनी रुमाल झटकला, घडी केली, पर्समध्ये टाकला,
डॉलर टेबलावरच.
"पैसे सावकाश दे. आटवणार नाहीस ना?"

खाली भट्टी आता भाच्याची, विजेवर चालते.
मी कागद भरला: चाळीस, ठसा, साफ केलेलं नाही.
जिन्यावरून त्यांच्या चपला उतरत गेल्या.
भाचा खालून ओरडला, "मावशी, किती भरलं?"

"चारशे अठरा," मी म्हटलं.
"दोन वाटेत गेले."